पुढच्या वेळी
रत्नागिरीतल्या बारमध्ये हार्ड रॉक वाजवायचं, तर आधी तासभर जुनी हिंदी गाणी वाजवावी लागतात. मग शेवटी एकदाच डीप पर्पलचं १९७२चं 'स्मोक ऑन द वॉटर'. त्याची चार सुरांची रिफ मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर शिकलो. आमचा ड्रमर शिमग्यात पालखीपुढे ढोल वाजवतो. हात जड, पण लय पक्की.

बाबा भजनात पखवाज वाजवतात. बारची पायरी कधी चढले नाहीत. शनिवारी गिटार घेऊन बाहेर आलो, तर रस्त्यापलीकडे स्कूटरवर बसलेले. घरापर्यंत गप्प. अंगणात म्हणाले, "शेवटच्या गाण्यात तू पुढे पळत होतास. पुढच्या वेळी त्या ढोलवाल्याचं ऐक."

ऑफिसने सोमवारपासून पुण्याला बोलावलंय, हे त्यांना माहीत होतं. तरी "पुढच्या वेळी" म्हणाले.