घोंगडी, मोजे आणि घासाघीस

मिरकरवाड्यातल्या बाईने लोकरीवर लिहावं म्हणजे जरा अतिच झालं! आमच्याकडे धागा म्हणजे जाळ्याचा, तोही नायलॉनचा. आणि थंडी... रत्नागिरीत ती येते कधी, जाते कधी, कळतही नाही. तरी आजोबांकडे एक काळी घोंगडी होती. पावसात होड्या वर ओढल्या की ती पांघरून ते पडवीत जाळी सांधत बसायचे. टोचते म्हणून आईने ती पुढे कुणाला तरी देऊन टाकली. असो.

तीन वर्षांपूर्वी ताईकडे अमेरिकेत, ओहायोला गेले होते. तिच्या घराजवळ अल्पाका पाळणारे दोन-तीन शेतकरी आहेत. अल्पाका म्हणजे मूळचा दक्षिण अमेरिकेतला, उंटाच्या कुळातला प्राणी. लांब मान, मोठ्ठे डोळे, चेहरा शाळेत नवीन आलेल्या मुलासारखा बावरलेला. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर लोकर कातरतात. ती मऊ असते, मेंढीच्या लोकरीसारखी तेलकट नसते. गोठ्याला लागूनच दुकान, आणि लोकरीच्या प्रत्येक गुंडीवर त्या जनावराचं नाव! मी 28 डॉलरचे मोजे एक शब्द न बोलता घेतले. वर मालकिणीचे आभारही मानले. मोजे अजून कपाटात आहेत. रत्नागिरीत घालणार कधी?

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी कोल्हापूरला गेलो होतो. आजोबांची घोंगडी आठवली, म्हणून पट्टणकोडोलीच्या बाजूला एका विणकराच्या घरी गेलो. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून म्हातारबाबा मागावर बसलेले. बाहेर त्यांची बायको ताण्याला चिंचोक्यांची खळ लावत होती. सूत ताठ राहायला ती लागतेच म्हणाली. लोकर दख्खनी मेंढीची, काळी आणि राठ. मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात, पण आता मेंढरं पाळायची ती मटणासाठी. लोकरीला गिऱ्हाईक नाही, पुष्कळदा ती फेकूनच देतात. बिरोबाच्या, खंडोबाच्या पूजेला घोंगडी लागते, तेवढाच आधार.

किंमत विचारली. मोज्यांपेक्षा पाचेकशे रुपयेच जास्त. आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "काहीतरी कमी करा की मामा!"

ते काही बोलले नाहीत. नुसते हसले आणि धोटा परत हातात घेतला.

मला एकदम आई आठवली. बंदरावरून टोपली डोक्यावर घेऊन ती शहरात दारोदार मासळी विकायची. घासाघीस करणाऱ्या बायकांबद्दल संध्याकाळी पाय चेपत म्हणायची, "वाऱ्यापावसात एकदा होडीत येऊन बसा म्हणावं, मग भाव करा." तिची मुलगी मी. आणि ओहायोत माझी जीभ कुठे गेली होती? तिथे जनावराच्या नावाची चिठ्ठी होती, गोरी मालकीण होती, छापील किंमत होती. इथे मी म्हातारबाबांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

मग विचारलं. पैसे पूर्ण दिले. यात मोठेपणा काही नाही, ते द्यायचेच होते.

घोंगडी आता पडवीत, आजोबांच्या जागेवर आहे. आई आली की हात फिरवते आणि म्हणते, "टोचते गो." पण बसते तिच्यावरच.

तुमच्या घरी माळ्यावर एखादी पडली असेल, तर देऊन टाकू नका बरं का!