कल चढता आहे, पण का?

मॅन्युअल लिहिणाऱ्याला वाचक दिसत नाही, पण तो माणूस आहे एवढी खात्री असायची. अडला की तो मागची पानं चाळायचा, शंका आली की मेल टाकायचा. सध्या मी ज्याच्यासाठी लिहिते, तो यातलं काहीच करत नाही. आकड्यांतला कल काढून देणारं एक साधन आहे आणि ते वापरतो एआय एजंट. साधन कधी बोलवायचं आणि त्याला काय द्यायचं, हे तो मी लिहिलेल्या चार-सहा ओळींवरून ठरवतो. शंका आली तरी बहुतेक वेळा विचारत नाही, उत्तर देऊन मोकळा होतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एजंटला साधनं जोडण्याचा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला आणि या लिखाणाला सर्वमान्य साचा मिळाला. साच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं घोडं अडतं ते एकाच जागी. कल चढता की उतरता, हे साधन बिनचूक सांगतं. तो कशामुळे चढला हे त्याला ठाऊक नसतं. एजंट मात्र कारणही ठोकून देतो.

आमचं ऑफिस स्वारगेटला, एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. म्हणून सरावासाठी एसटीच्या धर्तीवर प्रवासीसंख्येचा तक्ता केला. आकडे बनावट, तारखा खऱ्या. एजंटला विचारलं, जानेवारी २०२२ च्या तुलनेत जानेवारी २०२३ कसा? ‘प्रचंड वाढ, सेवा सुधारल्याचं लक्षण.’ माझ्या हाताखाली शिकणारा मुलगा भोरहून रोज एसटीने येतो. तो लगेच म्हणाला, “ताई, तेव्हा संप होता ना!” २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला तो संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला, त्या जानेवारीत बऱ्याच गाड्या आगारातच उभ्या होत्या. मग त्याने पुढची तारीखही सांगितली, १७ मार्च २०२३. त्या दिवसापासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्याची आई तेव्हापासून एकटी पुण्याला येऊ लागली. खऱ्या तक्त्यात तिच्यासारख्यांमुळे झालेली वाढ दिसेल, त्यांच्या येण्याचं कारण दिसणार नाही.

तेव्हापासून माझं लिहिणं बदललं. आधी मी साधन काय करतं ते लिहायचे. आता ते काय सांगू शकत नाही, ते आधी लिहिते. ‘दिलेल्या काळातला कल देते’ या ओळीने कुणाचंच भलं होत नाही. त्याजागी लिहिलं: ‘फक्त दिशा आणि प्रमाण देते, कारण देत नाही. नोंद नसलेला दिवस शून्य धरू नये. सणाच्या महिन्यांची तुलना इंग्रजी महिन्यांवर करू नये.’ शेवटचं वाक्य दिवाळीने शिकवलं. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ते १२ नोव्हेंबरला गेलं. ऑक्टोबरला ऑक्टोबर लावला तर गर्दी घटल्यासारखी दिसते.

वेळेचंही तसंच. नोंदी यूटीसीत असतील आणि दिवस त्यावरून पाडले, तर पहाटे साडेपाचच्या आत फाडलेलं तिकीट आदल्या दिवशी जमा होतं. स्वारगेटहून त्याआधी कितीतरी गाड्या सुटतात! म्हणून वेळक्षेत्राचा पॅरामीटर मी सक्तीचा करून घेतला, ‘एशिया/कोलकाता’ हे उदाहरण देऊन.

पण वर्णन किती लांबवायचं? ते एजंटच्या मॉडेलपुढे दर वेळी जातं आणि शब्दागणिक टोकन मोजावे लागतात. संप, सवलती, सण सगळं त्यात कोंबता येत नाही. रोज दोन ओळी घालते, एक काढते. त्यातून एवढं ठरलं की इशारा निकालासोबतच परत आला पाहिजे: ‘या काळात संप होता’, ‘इतक्या दिवसांच्या नोंदी नाहीत’. एजंट उत्तर जुळवायला बसतो तेव्हाच तो त्याच्यासमोर हवा.

हल्ली कोडवरून वर्णन आपोआप काढून देणारी मंडळी वाढली आहेत. त्यांचं काम मी वाचते. व्याकरण शुद्ध, प्रत्येक पॅरामीटरचं नाव दोनदा, माहिती शून्य. कोडमध्ये संप लिहिलेला नसतो, मग तो तिथून येणार कसा? हे लिखाण हातानेच करावं लागतं आणि ते माझ्याइतकं नीट करणारे मला फार भेटलेले नाहीत. हा गर्व आहे, आणि तो मी बाळगते. या ओळींखाली माझं नाव येत नाही, माणूस त्या क्वचितच वाचतो, तरी एका स्वल्पविरामासाठी मी संध्याकाळ घालवते.

एसटी, पीएमपीएमएल, मेट्रो, कुणाचेही आकडे सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे. आकड्यांशेजारी तारखांची एक साधी वही ठेवा: भाडं कधी बदललं, सवलत कधी लागू झाली, मार्ग कधी बंद होता. आम्ही ती साधनाला जोडून देऊ.