फास्टर फेणे, अप्पा आणि मी

फुरसुंगी हे गाव मी अजून पाहिलेले नाही. ते पुण्याजवळ आहे, आणि अलीकडे वर्तमानपत्रात त्याचे नाव आले की पाठोपाठ ‘कचरा डेपो’ हे शब्द येतात. पण ज्याने लहानपणी भा. रा. भागवतांची पुस्तके वाचली, त्याला फुरसुंगी म्हटले की बनेश फेणेच आठवणार. अंगाने काडी, सायकलवर बसला की वारा, आणि नवल वाटले की जिभेने ‘ट्टॉक!’ करणारा. विद्याभवन शाळेचा हा विद्यार्थी ‘फास्टर फेणे’ या नावाने महाराष्ट्रभर गाजला. भागवतांनी (१९१०–२००१) त्याच्यावर एकूण वीस पुस्तके लिहिली.

आमच्या एका सरांपुढे हे नाव काढले तर त्यांना सुमीत राघवन आठवतो, कारण १९८७ साली दूरदर्शनवर मालिका लागायची. माझ्या मैत्रिणींना अमेय वाघ आठवतो, कारण २०१७ साली चित्रपट आला. त्या चित्रपटात तो शाळकरी राहिलेला नाही. वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायला पुण्यात येतो आणि दिलीप प्रभावळकरांनी उभ्या केलेल्या साक्षात भा. रा. भागवतांच्याच घरी उतरतो. चित्रपट चांगला आहे. पण मला आठवतात ते अप्पा. त्याचे कारण सांगायचे तर जरा दुरून यावे लागेल.

आमचे घर दोन भाषांचे. अप्पा बैलहोंगलकडचे, कन्नड. आई खानापूर तालुक्यातली, मराठी. (त्यामुळे या अंकाच्या दोन्ही विभागांचे संपादक मला लेख मागतात, आणि दोघांनाही मी ‘उद्या देते’ म्हणून सांगते.) २००८ च्या जानेवारीत अप्पा गोव्यात खनिजाचा ट्रक चालवायला गेले आणि डिचोली तालुक्यातल्या आमोणे गावी आम्ही भाड्याच्या खोलीत राहू लागलो. मी तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची. समोर मांडवी, पलीकडे खांडोळे. नदीतून खनिजाने भरलेल्या बार्जी मुरगाव बंदराकडे जात. रस्त्यावर ट्रकांची रांग. आईने सकाळी वाळत घातलेला माझा पांढरा फ्रॉक संध्याकाळी विटकरी होऊन घरात येई. गावात बेताळाचे देऊळ आहे. बेताळ रात्री गावाची राखण करीत फिरतो अशी तिकडे श्रद्धा. मला त्याची भीती वाटत नसे. रात्रपाळीचे ट्रक इतके असत की त्याला रस्ता ओलांडायला कसे मिळते, याचीच मला काळजी वाटे.

मी सरकारी मराठी शाळेत दुसरीत असताना, २०१२ च्या सप्टेंबरात, हे सगळे थांबले. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी बंद केल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. ही सनावळी अर्थात मला आता ठाऊक आहे. तेव्हा एवढेच दिसले, की अप्पा चालवीत तो टिपर मालकाच्या आवारात माडाखाली उभा राहिला आणि हललाच नाही. ट्रक मालकाचा, हात अप्पांचे. मालक भला माणूस. हप्ते त्याच्याही गळ्याशी आले होते. तरी त्याने अप्पांना ‘गाडी सांभाळ, बॅटरी उतरू देऊ नको’ म्हणून थोडेफार पैसे देत ठेवले. बाकी दिवस अप्पा मिळेल ते काम करीत. कधी चिरे उतरव, कधी कोणाच्या बागायतीत पाणी लाव. लोक चहाच्या गाड्यावर एकच आकडा बोलत : पस्तीस हजार कोटी. तेवढ्याचे नुकसान झाले असे अहवालात होते. सात वर्षांच्या मुलीला त्याचा अर्थ एवढाच लागला, की कुठेतरी फार मोठी चोरी झाली आहे आणि चोर सापडत नाही.

२०१४ च्या मे महिन्यात बेळगावचा मामा चोर्ला घाटातून येणाऱ्या बसने आला तो दहा पुस्तकांचा गठ्ठा घेऊन. ‘ट्रिंग ट्रिंग फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’, ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’... खोलीत पत्र्याखाली उकडे, म्हणून मी दुपारी अप्पांबरोबर उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन वाचत बसे. दोन्ही दारे उघडी टाकली की नदीवरचा वारा येई. अप्पा स्टिअरिंगवर हात टाकून बसत. न चालणाऱ्या गाडीतही ते ड्रायव्हरच्याच जागेवर बसत. एकदा मी एकटीच हसले. त्यांनी विचारले, ‘काय आहे त्यात? मला सांग.’ अप्पांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही. शाळा कन्नड, तीही पाचवीपर्यंत. मग मी पान पान वाचून कन्नडमध्ये सांगू लागले.

वाचकहो, अनुवाद ही काय चीज आहे ते मी नवव्या वर्षी त्या केबिनमध्ये शिकले. भागवतांची भाषा धावती, कोट्यांनी भरलेली. एका शब्दाला टोला मारून पुढच्या शब्दावर उडी घेणारी. मला कन्नड येई ते घरातले. स्वयंपाक, आजारपण, रागावणे, एवढ्यापुरते. ‘गूढ’ला काय म्हणायचे? ‘पाठलाग’ला? अडले की मी हातवारे करी आणि अप्पा शब्द पुरवीत. ‘ट्टॉक’ मात्र मी फार झोकात करून दाखविला. अप्पा म्हणाले, ‘हा आवाज आम्ही बैलाला करतो.’ त्यानंतर कित्येक दिवस मला बनेश फेणे बैलगाडीवर दिसत होता.

अप्पा या विषयातले अगदीच नवखे नव्हते. तरुणपणी त्यांनी एन. नरसिंहय्यांच्या कादंबऱ्या वाचल्या होत्या. ‘पत्तेदार पुरुषोत्तम’ हा त्यांचा हिरो. कन्नडमध्ये गुप्तहेराला ‘पत्तेदार’ म्हणतात. मराठी कानाला तो पत्ते कुटणारा वाटेल, पण शब्द चोख आहे : जो पत्ता लावतो तो पत्तेदार. मामाच्या पिढीकडे गुरुनाथ नाईक होते, बाराशेच्या वर रहस्यकथा लिहिलेले. म्हणजे घाटाच्या वर काय आणि खाली काय, चोर पकडण्याची हौस दोन्ही भाषांना सारखीच. मात्र अप्पांचे प्रश्न निराळे असत. ‘या पोराला पगार कोण देतो?’ ‘इतका फिरतो, शाळेची फी कोण भरतो?’ ‘सायकल पंक्चर होत नाही का?’ आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ठरलेला प्रश्न : ‘कळ्ळ यारु?’ म्हणजे, चोर कोण? मराठीत आम्ही घाईने ‘कळलं?’ म्हणतो ते ‘कळ्ळं?’ असेच ऐकू येते. अप्पा ‘कळ्ळ?’ म्हणून चोर विचारीत आणि बाहेरून आईला वाटे की ते मला समजले का म्हणून विचारताहेत. ती ओरडे, ‘कळ्ळं तिला, आता जेवायला या.’

२०१५ मध्ये मी चौथी पास झाले आणि आम्ही बेळगावला मामाच्या आधाराने आलो. पुढे दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि मग कॉमर्स. अप्पा आता एका गोदामाचा टेम्पो चालवतात. पुस्तके ट्रंकेत गेली ती गेलीच.

यंदाच्या दिवाळीत ट्रंक काढली आणि दहाही पुस्तके दोन दिवसांत पुन्हा वाचली. वीस वर्षांच्या वाचकाला काही गोष्टी टोचतात, त्या नाकारून उपयोग नाही. योगायोग फार. बनेश नेमका तिथेच असतो. खलनायक आपले बेत जरा मोठ्यानेच बोलतात. बहीण माली चांगली चलाख आहे, पण सायकल पुढे गेली की ती बहुधा मागे राहते. नवव्या वर्षी मी स्वतःला बनेश समजत होते, त्यामुळे हे दिसले नव्हते. आता तिच्यासाठी वाईट वाटले. तरीही पुस्तक खाली ठेवता येत नाही. भागवत मुलांशी ओणवे होऊन बोलत नाहीत. अवघड शब्द आला तर येऊ देतात, विनोद कळला नाही तर पुढे चला म्हणतात. शिवाय त्यांच्या कथेत काश्मीर असते, प्रतापगड असतो, चक्रीवादळ असते. जग मोठे आहे आणि ते सायकलच्या टप्प्यात आहे, हे मला आमोण्याच्या माडाखाली पहिल्यांदा त्यांनी सांगितले.

गेल्या वर्षी ग्रंथालयात एरिश केस्टनर यांची ‘एमिल’ची कथा वाचली होती. १९२९ सालची, जर्मन. एमिलची आई लोकांचे केस धुऊन-विंचरून पैसे साठवते. त्यातले १४० मार्क घेऊन तो बर्लिनला निघतो आणि आगगाडीत ते चोरीला जातात. त्याने नोटा कोटाला टाचणीने टोचून ठेवलेल्या असतात. ती टाचणीची भोके शेवटी बँकेत पुरावा ठरतात. हिशेबाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा सुंदर रहस्यकथा सापडणार नाही. रक्कम ठाऊक, ती कोणाच्या घामाची ते ठाऊक, पुरावा नोटेवरच. फास्टर फेणेचे जगही मुळात असेच आहे. चोराला चेहरा असतो आणि त्याच्यामागे धावता येते.

पस्तीस हजार कोटींच्या मागे कोणी कसे धावावे?

ऑडिटिंगच्या पहिल्या काही तासांतच आम्हांला १८९६ सालचा किंग्स्टन कॉटन मिलचा खटला शिकवतात. न्यायाधीशांनी त्यात म्हटले, की हिशेबतपासनीस हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. वर्गात सगळ्यांनी ते उतरवून घेतले. मला मात्र बनेशची कीव आली. या निकालाप्रमाणे त्याला नोकरी मिळणे कठीण होते. त्याच सत्रात एका प्रकल्पासाठी विषय निवडायचा होता आणि मी गोव्याच्या खाणी घेतल्या. २१ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला. म्हणजे मामा पुस्तके घेऊन आला त्याच्या आदल्याच महिन्यातला. त्यात बंदी उठवली आहे आणि वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आहे. (पुढे २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली आणि खाणी पुन्हा थांबल्या, ती निराळी कथा.) पण खरी गोष्ट त्यातल्या एका तारखेत आहे. पोर्तुगीज काळातल्या परवान्यांचे कायद्याने पट्टे झाले, ते पट्टे १९८७ मध्ये संपले, फार तर वीस वर्षे वाढवता येत होते. म्हणजे २२ नोव्हेंबर २००७ ला सगळेच संपले. त्या तारखेपासून २०१२ च्या बंदीपर्यंत जे जे खणले ते बेकायदा. चीनकडून मागणी होती, वर्षाची निर्यात पाच कोटी टनांच्या घरात गेली होती, रस्त्यावर ट्रक मावत नव्हते, आणि तारीख केव्हाच उलटून गेली होती. ती कोणापासून लपवलेली नव्हती. कायद्याच्या पुस्तकात होती.

अप्पांची एक वही आहे. खाणीपासून जेटीपर्यंतची प्रत्येक फेरी त्यांनी तीत लिहिली, कारण पैसे फेरीवर मिळत. कन्नड आकडे, तारखेवार, खाडाखोड नाही. आमच्या वर्गातल्या कोणाचेही जर्नल इतके स्वच्छ नसेल. ही वही त्याच ट्रंकेत, फास्टर फेणेच्या खाली होती. पहिली नोंद जानेवारी २००८. शेवटची सप्टेंबर २०१२. म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकही फेरी त्या तारखेच्या अलीकडची नाही.

सांगावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. मग वाटले, ज्या माणसाला मी प्रत्येक प्रकरणाचा चोर सांगत आले, त्याच्यापासून हेच एक प्रकरण झाकून ठेवणे बरे दिसत नाही. भाऊबीजेच्या रात्री जेवणानंतर मी त्यांना निकाल कन्नडमध्ये सांगितला. या वेळी शब्द अडले नाहीत. कन्नड आता मला बऱ्यापैकी येते.

अप्पांनी वही मांडीवर घेतली. बराच वेळ पाने उलटली.

‘म्हणजे सगळीच?’ त्यांनी विचारले.

‘सगळीच.’

‘मालकाला ठाऊक होतं?’

‘वाटत नाही.’

‘गाडीला कर्ज देणाऱ्याला?’

मी गप्प राहिले. मग ते म्हणाले, ‘मी रोज सकाळी परवाना, विमा, पासिंग सगळं तपासून गाडी काढायचो. एक दिवसही कागद अपुरा नव्हता, यव्वा. खाणीचा कागद मागायचं ड्रायव्हरला कोण सांगतो?’ आवाज चढलेला नव्हता. आईने मध्येच, ‘आता ते उकरून काय मिळणार,’ असे म्हटले. अप्पा तिला म्हणाले, ‘तिनं पत्ता लावलाय. ऐकू तर दे.’ आणि मला म्हणाले, ‘कळ्ळ यारु, ते लिहिलंय का त्यात?’

निकालात तारखा आहेत, कलमे आहेत, टनांचे आकडे आहेत. चौकशा आणि खटले त्यानंतर पुष्कळ झाले. मी जे वाचले ते सांगितले. त्याला रात्रीचे साडेअकरा झाले. अप्पांनी वही परत ट्रंकेत ठेवली, रद्दीत टाकली नाही. तिच्यावर पुस्तके नीट रचली, पाठीकडची बाजू एकीकडे करून.

मामाच्या गठ्ठ्यात दहा होती, म्हणजे दहा आम्ही वाचलेलीच नाहीत. त्यांतली तीन मला बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात मिळाली. रविवारी अप्पा टेम्पो धुतात, तेव्हा मी पायरीवर बसून एकेक प्रकरण सांगते. परवा ‘गुलमर्गचे गूढ’ सुरू केले. सायकल पंक्चर कशी होत नाही, हा त्यांचा प्रश्न कायम आहे. अजून सात पुस्तके मिळवायची आहेत. कोणाकडे असल्यास कृपया वर्गात भेटावे.