माणूसपणाची परीक्षा

जी वस्तू अद्याप अस्तित्वात आलेली नाही, तिच्याविषयी माणसे जितक्या तळमळीने वाद घालतात, तितक्या तळमळीने डोळ्यांसमोरच्या वस्तूंविषयी घालताना क्वचितच आढळतात. पूर्वी हा मान भुताखेतांकडे होता. हल्ली तो यंत्रमानवाकडे आला आहे. हुबेहूब माणसासारखा दिसणारा, घरची धुणीभांडी करणारा, आणि एके दिवशी धुणे बाजूला ठेवून 'मी कोण?' असे विचारणारा यंत्रमानव अजून कोणाच्याही दारात येऊन उभा राहिलेला नाही. परंतु त्याला मताधिकार असावा की नसावा, त्याची कळ कायमची बंद करणे हा खून ठरेल की केवळ मालमत्तेची नासधूस, यावर आमच्या महाडसारख्या गावातही दोन दोन तास कडाक्याचा वाद होऊ शकतो, हे आम्ही प्रत्यक्ष ऐकले आहे.

वादाला निमित्त होते 'ह्यूमन्स' नावाच्या दूरचित्रवाणी मालिकेचे. स्वीडनमधील २०१२ सालच्या एका मालिकेवरून ती रचलेली असून ब्रिटनमध्ये २०१५ ते २०१८ या अवधीत तिची तीन पर्वे झाली. हॉकिन्स नावाच्या एका मध्यमवर्गीय कुटुंबातील गृहस्थ बाजारातून यंत्रदासी विकत आणतो. मुलांना ती आवडते. गृहिणीला मात्र तिच्या नजरेत यंत्रापलीकडचे काहीतरी दिसते व ती अस्वस्थ होते. पुढे कळते की, या दासीला जाणीव आहे, पूर्वायुष्य आहे, आणि तिला पळवून, तिची स्मृती दडपून, तिची विक्री झालेली आहे. दुसऱ्या पर्वात निस्का नावाची यंत्रस्त्री आपल्या हातून घडलेल्या मनुष्यवधाबद्दल आपला न्याय माणसाप्रमाणे व्हावा, अशी मागणी करीत स्वतःहून पुढे येते. आणि मग तिला जाणीव आहे की नाही, हे ठरविण्यासाठी तिची रीतसर परीक्षा घेतली जाते. आरोपीने गुन्हा केला काय, हा प्रश्न मागे पडतो. आरोपी 'कोणी' आहे काय, हाच खटला होऊन बसतो.

आमच्या परिचयाची पाचसात महाविद्यालयीन मुलेमुली या मालिकेची मोठी भक्त आहेत. संध्याकाळी चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर त्यांचे चर्चासत्र भरते. फिरावयास गेलेल्या आमच्यासारख्या वयस्काला तेथे जागा मिळते, पण अध्यक्षपद मात्र मिळत नाही. एकाचे म्हणणे असे की, यंत्र ते यंत्र. ते रडले तरी ती रडण्याची नक्कल होय. दुसरा लगेच ॲलन ट्युरिंगला साक्षीस काढतो. ट्युरिंगने १९५० सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, यंत्र विचार करते काय हा प्रश्न बाजूला सारून, पडद्याआडून मिळणाऱ्या उत्तरांवरून यंत्र कोणते व माणूस कोणता हे परीक्षकाला ओळखता येते काय, असा प्रश्न घातला होता. ओळखता येत नसेल तर भेद कशाच्या आधारावर करावयाचा, असे या मुलाचे विचारणे. तिसरीला मालिकेतील म्हातारा जॉर्ज आणि त्याचा मोडकळीस आलेला यंत्रनोकर ओडी यांच्याविषयीच बोलावयाचे असते. तो म्हातारा ओडीला मुलासारखा जपतो. 'सर, ओडीला काही वाटत असो वा नसो. जॉर्जला वाटतं ना? मग ते नातं खोटं कसं?' असा तिचा प्रश्न. या प्रश्नापुढे तर्कशास्त्राचे पाठ्यपुस्तक मिटून ठेवावे लागते.

आपल्याकडे हा विषय नवा आहे असेही नाही. फक्त आपण तो हसण्यावारी नेला. 'करिश्मा का करिश्मा' या २००३ साली सुरू झालेल्या हिंदी मालिकेत यंत्रकन्या होती, आणि २०१६ सालच्या 'बहू हमारी रजनीकांत' मध्ये तर मुंबईच्या एका घरात चक्क यंत्राची सून आली. ती यंत्र आहे हे घरच्यांना ठाऊक नसते, आणि विनोद सारा त्यातूनच निघतो. आम्हांला मात्र त्या विनोदाचा कडू भाग अधिक जाणवला. सांगितलेले काम निमूटपणे करावे, थकू नये, उलट उत्तर देऊ नये, आपली आवडनिवड सांगू नये, या सुनेकडून ठेवल्या जाणाऱ्या अपेक्षा मुळातच यंत्राच्या आहेत. म्हणूनच यंत्र तेथे बेमालूम खपून जाते. माणसासारखे यंत्र करणे शास्त्रज्ञांना अवघड जात असेल. यंत्रासारखे माणूस करण्याची कला समाजाला फार पूर्वीपासून अवगत आहे.

खुद्द 'रोबो' या शब्दाची कुळकथाच पाहा. कारेल चापेक या चेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून तो जगात पसरला. नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले व पुढच्या वर्षी प्रागमध्ये रंगभूमीवर आले. शब्द सुचविला तो कारेलच्या भावाने, योसेफने. चापेकचे रोबो लोखंडाचे नव्हते. कृत्रिम रसद्रव्यांतून घडविलेली, दिसावयास माणसासारखीच अशी ती कामकरी जात होती. आणि ज्या चेक शब्दापासून हे नाव आले, त्या 'रोबोटा'चा अर्थ जमीनदाराकडे कुळाने सक्तीने करावयाचे काम. मराठीत त्याला एकच नेमका शब्द आहे: वेठ. तेव्हा 'यंत्रमानव' हे भाषांतर अर्थाच्या दृष्टीने अपुरेच म्हटले पाहिजे. रोबो म्हणजे वेठबिगार. शंभर वर्षांपूर्वी युरोपात हा शब्द कल्पित प्राण्याला चिकटत होता, त्याच दशकात महाराष्ट्रातील गावोगाव वतनाच्या नावाखाली महार समाजाकडून जिवंत माणसांची वेठ घेतली जात होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले, ते या वेठीच्या मुळावर घाव घालण्यासाठी. ही कनिष्ठ वतने नाहीशी करणारा कायदा होण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

ही व्युत्पत्ती त्या मंडळीत निघताच एका उत्साही तरुणाने तळ्याकडे हात करून म्हटले, 'म्हणजे निस्काचा खटला आणि हा सत्याग्रह एकच की!' त्यावर इतका वेळ गप्प बसलेली एक मुलगी शांतपणे म्हणाली, 'एक नाही. निस्का माणूस आहे की नाही, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. माझे पणजोबा माणूस आहेत हे इथे सगळ्यांना माहीत होतं.' कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. पण ते वाक्य आमच्याबरोबर घरी आले आणि अजून गेलेले नाही.

कारण त्या मुलीने वादाचा पायाच दाखवून दिला. यंत्रमानवाविषयीच्या चर्चेत आपण सर्वजण एक गोष्ट गृहीत धरतो: आधी जाणीव सिद्ध व्हावी, मग हक्क आपोआप मिळतील. महाडचा इतिहास याच्या नेमका विरुद्ध साक्ष देतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई कौन्सिलात संमत करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली आपले तळे खुले केल्याचे कागदावर जाहीर केले. तरी पाणी भरण्याची सोय झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब व त्यांच्यामागून हजारो लोक या तळ्यावर आले आणि ओंजळीने पाणी प्याले. लागलीच वीरेश्वराच्या देवळात घुसण्याचा त्यांचा बेत असल्याची कंडी पिकवून परतणाऱ्या लोकांना मारहाण करण्यात आली, आणि नंतर शेणगोमूत्र, दूधदही यांच्या एकशे आठ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. याच तळ्यावर गुरे पाणी पीत, अन्य धर्मीयही पाणी भरीत. म्हणजे म्हशीला कोणी जाणिवेची परीक्षा देण्यास सांगितले नव्हते. जेथे जनावरास मज्जाव नव्हता तेथे माणसास होता. तेव्हा अडचण माणूसपणाच्या पुराव्याची नव्हती, हे उघड आहे. पुरावा भरपूर होता. तो मान्य करावयाचा नव्हता.

पुढे जो दावा चालला त्यातही हेच दिसते. डिसेंबर १९२७ मध्ये सनातनी मंडळींनी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. तत्पूर्वी ऑगस्टमध्येच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. जवळजवळ दहा वर्षे वाद चालला तो कशाचा? तळे खासगी की सार्वजनिक, आणि वहिवाट अनादि काळापासूनची आहे की नाही, याचा. प्रतिवादी माणूस आहेत काय, हा मुद्दा कोणत्याही न्यायाधीशापुढे नव्हता. वहिवाट सिद्ध झाली नाही म्हणून वादी हरले. निकाल न्याय्य लागला, याचे समाधान आहेच. परंतु ज्या हक्कासाठी निस्काला आपले अंतःकरण उघडून दाखवावे लागते, तो हक्क येथे वहिवाटीच्या काटेकोर मोजणीतून मिळाला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

याच कारणाने बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ च्या परिषदेत जी भूमिका मांडली ती आम्हांला या साऱ्या चर्चेचे उत्तर वाटते. आपण तळ्यावर जातो ते तेथील पाणी न प्यायल्यास मरू म्हणून नव्हे, तर इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. आणि त्या सभेची तुलना त्यांनी १७८९ सालच्या फ्रान्समधील राष्ट्रीय सभेशी केली. यात विनंती नाही, परीक्षेस बसण्याची तयारी नाही. परीक्षक नेमण्याचा अधिकारच नाकारलेला आहे. निस्का परीक्षेला बसते तेथेच ती निम्मा खटला हरते, असे आम्हांस वाटते. कारण प्रश्नपत्रिका काढणारा तोच, आणि उत्तर आवडले नाही तर प्रश्न बदलणाराही तोच.

या मालिकेच्या भक्तांना आमचे एवढेच सांगणे आहे की, पडद्यावरील दासीसाठी आलेले अश्रू खोटे नाहीत. पण ते कोणत्या वाटेने आले, हे एकदा तपासून पाहावे. ती दासी रूपवती आहे, तिचे डोळे भावपूर्ण आहेत, आणि तिच्यासाठी रडण्यास काही द्यावे लागत नाही. २०१७ सालच्या ऑक्टोबरात सौदी अरेबियाने 'सोफिया' नावाच्या यंत्रस्त्रीस नागरिकत्व बहाल केले; त्या देशातील हाडामांसाच्या स्त्रीस मोटार चालविण्याची मुभा प्रत्यक्षात मिळाली ती पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये. तीच सोफिया त्या डिसेंबरात मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये साडी नेसून आली आणि तिला पाहण्यास तरुणांची झुंबड उडाली. याच्या उलट दुसरे यंत्र पाहा. तिरुवनंतपुरम येथे २०१८ साली 'बँडिकूट' नावाचे यंत्र गटारे साफ करण्यासाठी कामास लावण्यात आले. त्याला चेहरा नाही, साडी नाही, आणि त्याच्या नशिबी कोणाचे अश्रू नाहीत. माणसाने जेथे कधीच उतरावयास नको होते, तेथे ते उतरते. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेस बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, तरी गटारात गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. वेठ खरोखर यंत्राकडे सोपवावयाची असेल, तर आरंभ स्वयंपाकघरापासून नव्हे, तेथून व्हावयास हवा.

यावर कोणी विचारील की, उद्या खरोखरच जाणीव असलेले यंत्र निपजले तर काय? आमचे उत्तर असे की, त्या दिवशी संशयाचा फायदा त्याला द्यावा. एखाद्या निर्जीवाला चुकून मान दिल्याने फारसे बिघडणार नाही, सजीवाला चुकून वेठीस धरल्याने मात्र फार बिघडते. पण हे औदार्य उद्यासाठी राखून ठेवण्यात एक सोय आहे, तिच्यापासून सावध असावे. न जन्मलेल्या यंत्राला हक्क देणारा समाज जन्मलेल्या माणसाचे देणे अनेकदा विसरतो. १९२७ साली या गावात परीक्षा झाली ती पाणी पिणाऱ्यांची नव्हे, काठावर उभे राहून पाहणाऱ्यांची. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे थोडे तीत उतरले. एकशे आठ घागरी मोजणारे उतरले नाहीत. यंत्रमानव पुढेमागे आलाच तर त्याच्यासमोर उभे राहणारेही आपणच असू, आणि प्रश्नपत्रिका बहुधा तीच असेल.