भाड्याच्या घरातलं जोडपं

सचिन पिळगांवकर यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८चा, तरुण मनसुखानी यांचा ‘दोस्ताना’ २००८चा. मधे वीस वर्षं, पेच मात्र एकच, घराचा. पुण्यात लीलाबाई काळभोरांना बिऱ्हाडकरू हवेत ते नवरा-बायको, म्हणून परशुराम धनंजयची पार्वती होतो आणि सुधीर शंतनूची सुधा. मियामीत घरात तरुण मुलगी राहते म्हणून पुरुष भाडेकरू नकोत, तर दोन मित्र एकमेकांचे प्रियकर असल्याचं सांगतात. मराठी घरात वाढणाऱ्या क्विअर मुलाला यातला पहिला चित्रपट टीव्हीवर, सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून भेटतो. सगळे हसतात म्हणून तोही हसतो. कॉलेजच्या वयात तेच प्रसंग टोचू लागतात. पुढे आपल्यासारख्यांच्या घोळक्यात त्यांवरच गप्पा रंगतात: पदर कोणाला जास्त शोभला, धनंजय-पार्वतीची कुरबुर कशी अगदी मुरलेल्या संसारातली. या गप्पांना मी टवाळी मानत नाही, कारण त्यांत चित्रपटाचं नेमकं वाचन असतं. पडद्यावर जोडपं नसलेले पुरुष छपरासाठी जोडपं बनतात. प्रत्यक्षात खरोखरचं जोडपं असलेले दोघे घरमालकाला सांगतात, आम्ही मावसभाऊ.

अशा विनोदानं अनेकांना दुखावलं, हा आक्षेप खरा आहे. ‘कल हो ना हो’मध्ये (२००३) दोन नायकांना जवळ पाहून मोलकरीण कांताबेन धसका घेते. त्या धसक्यावर थिएटरं हसली, तेव्हा समलिंगी संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगणारं कलम ३७७ लागू होतं. म्हणूनच विनोद कोणाच्या तोंडी आहे, याला मी महत्त्व देते. ज्यांच्यावर तो बेतला होता त्यांनीच कांताबेनची नक्कल केली, की हसू तिच्या घाबरण्याचं येतं, पुरुषांच्या जवळिकीचं नाही. गप्पांनी हक्क मिळत नाहीत, हेही मान्य. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, ते याचिकाकर्त्यांच्या आणि वकिलांच्या झुंजीमुळे. ऑक्टोबर २०२३मध्ये त्याच न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. पण घराची किल्ली घरमालकाच्या हातात असते, आणि जोडपं कसं असतं याची त्याची कल्पना बरीचशी सिनेमानं घडवलेली असते. लीलाबाई साडीला फसल्या. प्रेक्षकाला तर साडीतला परशुराम सतत ठाऊक असतो. तरी तो त्या संसारात रमतो, बिंग फुटू नये असं त्याला मनापासून वाटतं. आई-मावशीशी या विषयावर बोलायला मला याहून सोपी सुरुवात दिसत नाही.