कांद्याच्या पोत्यातले दोन डबे

सोलापूरच्या ड्रायव्हरने कांद्याचं रिकामं पोतं टेबलावर उलटं केलं. आधी पाचोळा पडला, मग दोन डबे. ॲल्युमिनियमचे, वहीएवढे, एका अंगाला कपलरच्या पिनांची दाटी. एकावर अजून ग्रीस होतं, दुसऱ्यावर भंगारवाल्याने खडूने टाकलेला आकडा.

"मिस्त्री, दोनी बी जळालेत. आता तिसरा टाका. पण टिकंल असा टाका की."

"टाकतो पावणं. पण दुसरा कशानं जळाला, ते कुणी सांगितलं का?"

"कशानं म्हंजे? जुना व्हता, त्यानं."

माझं दुकान बंगळूरला यशवंतपूरच्या ट्रक टर्मिनलजवळ आहे. इथल्या मार्केट यार्डात महाराष्ट्रातून कांदा येतो, त्यामुळे आठवड्यातून एखाद-दोन वेळा तरी आमच्याकडची भाषा कानावर पडते. मी निपाणीचा. आमच्या गावात अर्धी वाक्यं मराठीत सुरू होऊन कानडीत संपतात, म्हणून बंगळूरला आलो तेव्हा भाषेचं ओझं वाटलं नाही. ओझं वाटलं ते या डब्यांचं, तेही बरंच नंतर.

हाताला काम लागलं ते कलासिपाळ्यातल्या एका पंप रूममध्ये. तेव्हा डिझेल गाडीचा मेंदू म्हणजे मायकोचा पंप. मायको १९५१ सालची, याच शहरात आडुगोडीला कारखाना. २००८ साली कंपनीचं नाव बदलून बॉश झालं, तरी तिकडच्या वस्तीला लोक अजून मायको लेआउटच म्हणतात. त्या पंपात लपवालपवी नव्हती. प्लंजर झिजला तर बेंचवरच्या काचनळीत डिझेल कमी पडलेलं दिसायचं. एक सिलिंडर मार खातोय हे उस्तादाला रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून कळायचं, आणि तो चहाचा कप खाली न ठेवता सांगायचा, "तिसरा."

एप्रिल २०१७ मध्ये देशभर बीएस-४ लागू झालं आणि बहुतेक मोठ्या ट्रकांचा पंप कॉमन रेलला गेला. किती डिझेल, कोणत्या क्षणी, हे ठरवायचं काम या डब्याकडे, म्हणजे ईसीएमकडे आलं. हा कांद्याचा ट्रक त्याच सालचा. ट्रकच्या हिशेबात म्हातारा, आणि ज्यांनी तो आजवर दुरुस्त केला त्यातल्या अर्ध्या हातांना डब्याची भीती वाटत असणार. भीती वाटते त्याच्यावर आळ घेणं सोपं असतं. घरात काही हरवलं की पहिला संशय नव्या गड्यावर. इंजिन उठत नाही? ईसीएम गेला. धूर येतोय? ईसीएम. माझ्याकडे 'मेला' म्हणून आलेले कितीतरी डबे टेबलावर वीज दिली की बोलायला लागतात. बिचाऱ्याचा मेन रिले गेलेला असतो, किंवा कपलरमधली एक पिन मागे सरकलेली.

हे दोन मात्र बोलले नाहीत.

हकिगत अशी. पंधरवड्यापूर्वी चित्रदुर्गाच्या अलीकडे गाडी चालता चालता बंद पडली. तिथल्या कुणीतरी दुसऱ्या गाडीतून निघालेला डबा आणून बसवला. अकरा दिवस गाडी चालली, पण काळा धूर, पिकअप नाही, उभ्या जागी इंजिन थरथरायचं. आज सकाळी यार्डात माल उतरला आणि किल्ली मारली तर सेल्फ फिरतोय, इंजिन उठत नाही. स्कॅनर लावला तर समोरून हूं की चूं नाही.

डबा बदलायला पंधरा मिनिटं पुरतात. चार बोल्ट, दोन कपलर. ज्याला हे काम एवढंच वाटतं, त्याच्याकडे तीच गाडी परत येते. मी आधी गाडीखाली गेलो.

वीजपुरवठा मी मीटरने तपासत नाही, हेडलाइटच्या बल्बने तपासतो. चोवीस व्होल्टचा, सत्तर वॉटचा बल्ब, त्याला दोन वायरी. मीटर जवळजवळ काहीच ओढत नाही. वायरीतली एकच तार शाबूत असली तरी तो चोवीस दाखवून मोकळा होतो. बल्बला तीन अँपिअरच्या आसपास लागतात. वायर पोकळ असेल तर बल्ब लगेच मिणमिणतो. कपलरच्या पिनांवर एकेक करून लावला. लख्ख पेटला. म्हणजे डब्याला मिळणारी वीज आणि त्याची स्वतःची अर्थिंग, दोन्ही ठीक.

मग डबे उघडले. कडेचं सील गरम हवेने मऊ करायचं, पातळ पातं फिरवायचं, घाई करायची नाही. झाकण उचललं की पहिला वास येतो, आणि तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. जळलेलं प्लॅस्टिक आणि थोडा हिंगासारखा उग्रपणा. पहिल्या डब्यात अर्थच्या पिनांपासून निघालेली तांब्याची पट्टी काळी होऊन उचलली गेली होती, मध्ये बोटाच्या नखाएवढी जागा गायब. दुसरा उघडला. तीच पट्टी, त्याच जागी. दोन वेगळ्या गाड्यांत वाढलेले दोन डबे या एका गाडीत येऊन एकाच जागी जळतात, तेव्हा डबे मारले गेलेले असतात. मारणारा बाहेर असतो.

एवढी जाड पट्टी जाळायला सेन्सरची वीज पुरत नाही. इतका करंट ट्रकमध्ये एकाच कामाला लागतो, सेल्फला. सेल्फ शेकडो अँपिअर खातो आणि ते सगळे इंजिनच्या अंगातून, इंजिन ते चेसिस जोडणाऱ्या विणलेल्या तांब्याच्या पट्ट्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातात. तो पट्टा नीट नसेल तर वीज थांबत नाही, दुसरी वाट शोधते. या गाडीत डबा इंजिनवरच बसवलेला. त्याच्याखालचे रबर बूश कधीतरी फाटले असतील. कुणीतरी त्यांच्या जागी लोखंडी वॉशर टाकून आवळलं होतं. कवच इंजिनला टेकलं, आतली पट्टी कवचाला, पट्टीतून सरळ निगेटिव्ह. सेल्फला परतीची चोरवाट मिळाली.

"पट्टा आम्ही तपासलाय की," ड्रायव्हर म्हणाला. "मीटर पी करून वाजतंय."

वाजलंच असतं. मी मीटरची एक पिन इंजिनच्या ब्लॉकवर टेकवली, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि म्हटलं, मार सेल्फ. मीटर अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा. चारच्या जवळ गेला. ड्रायव्हर केबिनमधून ओरडला, "सेल्फ जरा जडच फिरतोय बगा, म्हैना झाला!" हे त्याने सकाळीच सांगितलं असतं तर माझा एक तास वाचला असता. पण मी विचारलं नव्हतं.

महिन्याभरापूर्वी चेसिसच्या एका क्रॉस मेंबरला वेल्डिंग झालं होतं. वेल्डरने पट्टा सोडला, काम केलं, वरून छान काळा रंग मारला आणि पट्टा त्या रंगावरच आवळून दिला. बोल्टच्या आट्यांतून थोडा स्पर्श होत होता. तेवढ्यावर मीटर वाजतं, सेल्फ धड फिरत नाही.

तिसरा डबा जे. सी. रोडच्या मागच्या गल्लीतून आणला. त्यावरचा हार्डवेअर नंबर पहिल्या डब्याशी अक्षर न् अक्षर जुळवला. एक अक्षर इकडचं तिकडे असलं तर डबा बसतो, पण सेन्सर वेगळे समजतो. मग पहिल्या डब्यातल्या जळलेल्या जागी तांब्याची तार डकवली, टेबलावरच्या पुरवठ्याचा करंट बेताचा ठेवला आणि श्वास रोखून बसलो. बोलला. त्याची सगळी स्मृती वाचून घेतली: चेसिस नंबर, वेगमर्यादा, चाललेले किलोमीटर आणि सहा इंजेक्टरांचे कोड.

मग तोच डबा दुरुस्त करून का नाही लावला, असं माझ्या पोऱ्याने विचारलं. जळलेल्या बोर्डावरच्या कोळशातूनही वीज झिरपते. टेबलावर तासभर बोलणाऱ्या डब्याच्या भरवशावर मी कुणाला रात्रीच्या हायवेवर सोडत नाही.

धुराचं कोडंही इथेच सुटलं. दोन इंजेक्टर कधीच तंतोतंत सारखे नसतात. कारखान्यात प्रत्येकाची फवारणी मोजून त्याच्या डोक्यावर अक्षर-आकड्यांचा कोड कोरतात, आणि डबा त्या कोडाप्रमाणे प्रत्येकाला वेळ कमी-जास्त देतो. चित्रदुर्गच्या डब्यात दुसऱ्याच गाडीचे कोड होते. अकरा दिवस तो परक्या पोरांना आपली समजून जेवू घालत होता. कुणाला जास्त, कुणाला उपाशी.

स्मृती लिहिताना बॅटरीला चार्जर लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. मध्येच व्होल्टेज पडलं तर डबा कायमचा मुका. तेवढा अर्धा तास टर्मिनलवरचे तमिळ ड्रायव्हर येऊन गप्पा मारतात. मी मराठी आहे हे त्यांना रजनीकांतमुळे आवडतं; तोही बंगळूरच्या मराठी घरातला, गायकवाडांचा, एकेकाळी इथल्याच बसचा कंडक्टर.

त्याच अर्ध्या तासात सोलापूरकरांनी हळूच विचारलं, "डबा उघडलाच हाय, तर युरिया बी बंद करून टाका की." हे रोजचं आहे. युरियाचं पाणी धुरातलं विष मारतं, मालकाला मात्र त्यात फक्त खर्च दिसतो. मी नाही म्हणतो. मी सज्जन आहे म्हणून नव्हे. माझी मुलगी याच तुमकूर रोडवरून स्कूटीने कॉलेजला जाते.

नवे रबर बूश टाकले. क्रॉस मेंबरचा रंग पांढरं लोखंड दिसेपर्यंत खरवडला, नवा पट्टा आवळला, वर ग्रीस. सेल्फ मारताना मीटर पाव व्होल्टवर राहिला, इंजिन दुसऱ्या फेरीला उठलं. पोऱ्या सायलेन्सरपाशी वाकून बघत होता. "होगे इल्ला, अण्णा." धूर नाही.

बिल केलं, ड्रायव्हरने मालकाला फोन लावून माझ्या हातात दिला. डब्याचे पैसे, प्रोग्रामिंगचे पैसे, मालक हूं हूं करत ऐकत होता. एकदाही भाव केला नाही.

"आणि हे पट्ट्याचे साडेतीनशे कसले?" तो म्हणाला. "तांब्याचा तुकडा तो. दोनशे घ्या की."

मी तीनशे घेतले.