वर्ध्याच्या परसांतील शिंजीर

वर्धा म्हटलें कीं परगांवच्या पाहुण्यास दोन स्थळें आठवतात: महात्माजी १९३६ सालीं जेथें येऊन राहिले तें सेवाग्राम, आणि धाम नदीच्या तीरावरील विनोबांचा पवनार आश्रम. एखादा हौशी गृहस्थ बोरच्या अरण्यापर्यंतही जातो. त्यास २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. परंतु एक प्रेक्षणीय स्थळ घराच्या मागल्या दाराशींच असतें, आणि तेथें जाण्यास भाडें पडत नाहीं. आम्ही परसाविषयीं बोलत आहों.

अमेरिकेंत गृहस्थ लोक परसांत साखरपाण्याची शिशी टांगून 'हमिंगबर्ड' नांवाच्या चिमुकल्या पक्ष्यांस बोलावितात. तो पक्षी त्या खंडाबाहेर नाहीं. आपल्याकडे त्याची जागा शिंजीर भरून काढितो. दोघांचें कूळ निराळें. परंतु पुष्परसाची आवड एकच, म्हणून बारीक चोंच व लांब जीभ दोघांसही लाभली. हमिंगबर्ड हवेंत स्थिर राहून रस पितो. शिंजीर बहुधा फांदीवर बसूनच पितो. संस्कृतांत 'मधुप' हा शब्द भ्रमरास लावितात, तो यासही शोभेल. विणीच्या दिवसांत नर उन्हांत निळाजांभळा झळकतो. पुढें तें वैभव ओसरून छातीवर एक काळा पट्टा तेवढा उरतो. मादी बाराही मास साधी, पाठीवर तपकिरी व पोटाशीं पिंवळी.

यंदा वैशाखांत आमच्या परसांतील जास्वंदीस अशाच एका मादीनें घरटें टांगिलें. गवत, सालींचे तुकडे व कोळ्याचें जाळें यांची ती लांबट पिशवी, बाजूस दार, दारावर पडवीसारखें छज्जें. दुरून पाहणारास केर अडकला असेंच वाटावें.

त्याच सुमारास धाकट्या नातवाच्या मुंजीसाठीं घरास रंग द्यावयाचा होता. फांदी तोडल्यावांचून मागली भिंत रंगवितां येत नाहीं, असें कारागिराचें म्हणणें. घरांत दोन पक्ष पडले. अखेर थोरल्या सूनबाईंनीं निकाल दिला कीं, ती भिंत तशीच राहूं द्यावी. मुंजीस आलेल्या मंडळींनीं भिंतीचें कारण विचारलें, आणि एकेक करून सर्वजण खिडकींतून घरटें पाहून गेलीं.

अंडीं दोन होतीं. तीं उबविण्याचें काम एकट्या मादीचें. पिलें निघाल्यावर मात्र नरही चारा आणूं लागला. नातवंडांस आम्ही कागद-पेन्सिली देऊन खिडकीशीं बसविलें. प्रथम सर्वांनीं पिलांस आईची लांब, बांकदार चोंच काढिली. पुन्हां पाहावयास सांगितल्यावर थोरलीच्या ध्यानीं आलें कीं, पिलांची चोंच आंखूड व बरीचशी सरळ आहे. ठाऊक असलेलें काढणें निराळें आणि दिसलेलें काढणें निराळें, हें त्या दिवशीं मुलांस न शिकवितां समजलें.

"आजोबा, आपणही साखरपाणी टांगूं या ना," असा हट्ट झाला. पिलें साखरेवर वाढत नाहींत; त्यांस किडे व कोळी लागतात, हें मुलांनीं नराच्या चोंचींतच पाहिलें होतें. म्हणून शिशीऐवजीं डाळिंबाचें एक रोप लाविलें आणि औषधफवारणी बंद केली.

पिलें उडून गेलीं. भिंत दिवाळीपूर्वीं रंगवूं. वाचकांनीं आपल्या परसांतील फांदी तोडण्यापूर्वीं एकदां तींत टांगलेला 'केर' निरखून पाहावा, इतकीच विनंती.